पहिल्या क्रमांकाचं कॉलेज

बारावीनंतरचा इंजिनिअरिंगचा अर्ज माझ्या थोरल्या बहिणीनं मारेगावातल्या नेट कॅफेत भरला. सोबत अब्बा होते आणि मी. आमच्या घरात याआधी असा अर्ज कोणी भरलेला नव्हता. बहिणीला अमरावतीचं सरकारी कॉलेज हवं होतं, कम्प्युटर शाखा. तेवढे गुण तिला होते.

कॉलेजांची यादी पसंतीच्या क्रमानं लावायची होती. क्रम अब्बांनी सांगितला. अब्बा मोटारसायकलचे मिस्त्री. एखादा पार्ट लागला की ते आधी गावातल्या दुकानात विचारत, मग वणीत, नाहीच मिळाला तर नागपूरला फोन. यादीही तशीच लागली. पहिलं जिल्ह्यातलं खासगी कॉलेज, मग अमरावती, शेवटी नागपूर.

"अमरावती वर घ्या न अब्बा."

"मार्क हायेत न बेटा तुले? मार्क पाहूनच देतीन. जवळचं हातचं राहू दे."

कॅफेवाल्यानं बटण दाबलं.

त्याच आठवड्यात हायस्कूलचे सर गॅरेजमध्ये ब्रेक करून घ्यायला आले. त्यांची मुलगी बहिणीच्याच वर्गात होती, गुण बहिणीपेक्षा कमी. सर अर्धा तास स्टुलावर बसले. ब्रेकचं बोलणं झालं, पावसाचं झालं. यादी बदलायला अजून दोन दिवस होते, पण अर्जाचा विषय कोणी काढला नाही.

पहिली यादी लागली. बहिणीला पहिल्या क्रमांकाचं खासगी कॉलेज मिळालं. सरांच्या मुलीला अमरावती मिळालं. तिची यादी तिच्या प्राध्यापक मामानं लावून दिली होती.

नियम काय तो आम्हाला सरांकडूनच कळला, ते पुन्हा गॅरेजमध्ये आले तेव्हा.

"पयल्या नंबरचं लागलं का जागा पक्की. पुढच्या फेरीत घेतच नाहीत. मले काहून नाही इचारलं मिस्त्री? मी इथंच त बसलो होतो!"

"तुमाले कायले तरास द्याचा, सर."

सर गेले. अब्बांनी समोरच्या गाडीचं चाक काढायला घेतलं. बहिणीनं घरी जाऊन कागद फाईलमध्ये लावले. ती रडली नाही. जेवणं वेळेवर झाली.

प्रवेशाच्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं गेलो. खिडकीतल्या बाबूनं गुणपत्रिका पाहिली आणि मान वर केली.

"एवढे मार्क असून इथं?"

बहिणीनं फाईलमधून पुढचा कागद काढून दिला.

"कॉलेज चांगलं हाये न, साहेब?" अब्बांनी विचारलं.

"आहे न," बाबू म्हणाला, आणि सही कुठं करायची ते त्यानं बोटानं दाखवलं.