एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

१,४२,८५७ या संख्येमुळे माझ्या धाकट्या भावाचं लग्न मुहूर्त टळून लागलं. संख्येचा काही दोष नव्हता.

मी तेव्हा बडोद्यात, फतेगंजमधल्या एका शाळेत गणित शिकवत होतो. (घरीही शिकवायचो. घरच्यांना पटावरून नाव काढता येत नव्हतं.) लग्नासाठी नवी ब्रीफकेस घेतली. तिला दोन बाजूंना तीन-तीन आकड्यांची कुलुपं. मी नंबर लावला १४२-८५७.

"दोनाने गुणा, २८५७१४! तिनाने गुणा, ४२८५७१! सहापर्यंत कशानेही गुणा, आकडे तेच, नुसते जागा बदलतात!" हे मी घरात येईल त्याला ऐकवलं. मग आत मंगळसूत्र ठेवून कुलूप लावलं.

निजामपुऱ्यातल्या हॉलवर अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मी ब्रीफकेस मांडीवर घेतली. उघडेना.

"दादा, काय झालं?" अंतरपाटाच्या अलीकडून भाऊ कुजबुजला.

"काही नाही. मीच नादात कशाने तरी गुणून ठेवलं असणार. शक्यता पाचच आहेत."

दोन, तीन, चार, पाच, सहा. पाचही संपल्या. घामाने आकडे बोटांखालून सटकायला लागले. गुरुजींनी एरवी कुणी ऐकत नाही तीही मंगलाष्टकं म्हणून टाकली. वऱ्हाड्यांच्या हातातल्या अक्षता संपल्या. भाऊ पत्रिकेच्या पाठीवर गुणाकार करायला लागला. (नवरदेव!)

"दादा, सातने गुणून बघा ना," अंतरपाटापलीकडून नवरी म्हणाली.

"सातने गुणलं की सगळे नऊच येतात! हीच तर गंमत आहे!" मी खुलून सांगायला लागलो.

"नऊ लावा हो!" तिचे वडील ओरडले.

लावले. नाही उघडली. मुलीचे मामा म्हणाले, "पेचकस लावो, जल्दी!" आणि दोघंतिघं स्क्रू-ड्रायव्हर आणायला धावले.

तेवढ्यात कमी पडलेल्या वेण्या आणायला खंडेराव मार्केटात गेलेली माझी बायको आली. वेण्यांची टोपली माझ्या डोक्यावर ठेवून (दुसरी जागा नव्हती) तिने खटाखट आकडे फिरवले. ब्रीफकेस उघडली.

"नंबर मी बदलला," ती म्हणाली. "अहो, दूधवाल्या भरतभाईंनासुद्धा सांगितलात तुम्ही! त्यांनी आज सकाळी सहाने गुणून दाखवलं मला."

"मग आता काय लावलायस?"

"सहा शून्यं. कशानेही गुणा, जागासुद्धा बदलत नाहीत."

लग्न लागलं. भावाच्या सासरी मात्र अजूनही आम्ही दोघं गेलो, की कुणीतरी नव्या पाहुण्याला हा किस्सा सांगून म्हणतं, "यांच्या घरात गणित फार पक्कं!" आणि पाहुणे हात जोडून बायकोला नमस्कार करतात.