कंट्रोलरला हवा, पावसाला मज्जाव

आमची इलेक्ट्रिक कार मी स्वतः बनवलेली आहे, हे सांगितलं की लोक आधी गाडीपासून दोन पावलं मागं सरकतात.

मी निलंग्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. रिटायर झाल्यावर भंगारातला रिक्षाचा सांगाडा, चार चाकं, बॅटऱ्या आणि मोटर जमवून गाडी उभी केली. लातूरला मेहुणीच्या नव्या घराची वास्तुशांती होती. "आम्ही आमच्या कारनं येऊ," असं मी साडूला फोनवर सांगून बसलो होतो. (तेव्हा कारला सीटही नव्हती!)

गाडीत सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे कंट्रोलर, बॅटरीची वीज मोटरला मोजूनमापून देणारा. त्याला पाण्याचा थेंब चालत नाही. म्हणून मी त्याला स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि झाकणाला रबराची रिंग बसवली. मुंगी शिरणार नाही असं काम!

"अहो, कुकर शिट्टी का देऊन नाही राहिला?" स्वयंपाकघरातून बायकोचा, मंगलचा, आवाज आला. "रिंग कुठंय त्याची?"

"देशाच्या कामी आली!" मी म्हणालो.

पहिल्याच फेरीत, भर मे महिन्याच्या दुपारी, गाडी बसस्टँडसमोर बंद पडली. डब्याला हात लावला आणि बोटं भाजली. कुकरची रिंग लावल्यावर कंट्रोलर शिजणारच की!

"लई गरम झालाय," शेजारी बसलेली मंगल म्हणाली. "जीव घुसमटला त्याचा. भोकं पाडा."

गरम हवा वर जाते, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. म्हणून झाकणालाच वीस भोकं पाडली. पाऊस वरून पडतो, हे मात्र आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं! दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि डब्याची झारी झाली.

आता वास्तुशांतीला चार दिवस उरलेले. गच्चीवर बाजेवर मंगलच्या कुरडया वाळत होत्या. मी त्यांच्या मधोमध भिजलेला कंट्रोलर ठेवला. समोरचे कूलर बनवणारे रफिकभाई आपल्या गच्चीवरून ओरडले, "मास्तर, हे काय वाळू घालून राहिलात?"

मी सगळं सांगितलं. एवढे हसले, की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"अहो, कूलरला तिरप्या पट्ट्या कशापायी असतात? हवा आत जाती, पाणी पट्टीवरून घसरून बाहेर पडतं! आणा तुमचा डबा."

संध्याकाळपर्यंत त्यांनी नवीनच पेटी ठोकली. दोन्ही बाजूंना तिरप्या पट्ट्या, वर बाहेर आलेलं पत्र्याचं छप्पर, आत छोटा पंखा. पेटी बसवली सीटमागं, चाकाचा चिखल पोचणार नाही अशी उंच. वाळलेला कंट्रोलर जोडला. मी डोळे मिटून चावी फिरवली.

"हाव, सुरू झाली की!" मंगल ओरडली.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी निघालो. लामजन्यापर्यंत रणरणतं ऊन. दर दहा मिनिटांनी मंगल मागं वळून, लेकराचं कपाळ बघावं तसा पेटीला हात लावायची. "ताप न्हाई!" औसा सोडलं आणि आभाळ फुटलं. वायपर नव्हता, एका हातानं काच पुसत मी चालवत होतो.

"बंद पडंल का हो?"

"बोलू नको. तिला ऐकू जाईल!"

गाडी बंद पडली नाही. साडूनं आम्हाला ढकलत आत आणायला चार धडधाकट पाहुणे फाटकात उभे केले होते. ते छत्र्या धरून बघतच राहिले. मी हॉर्न वाजवत, त्यांच्या पायांवर पाणी उडवत मांडवात शिरलो. मंगलच्या डोळ्यांत पाणी होतं. (पावसाचं असावं. विचारलं नाही.)

साडू पेटीभोवती तीनदा फिरला. पट्ट्यांत बोट घालून पाहिलं. कोरडं! पेटी समोरच्या रफिकभाईंनी ठोकलीय, हे मंगलनं सांगूनही टाकलं.

"मास्तर, मानलं बुवा! मलाही असली गाडी करायचीय."

माझी छाती फुगली. "करू की! कधी सुरू करायची?"

"तुम्ही त्रास घेऊ नका," साडू हळूच म्हणाला. "तेवढा रफिकभाईंचा नंबर द्या."

मी दिला. गाडीचा निर्माता म्हणून एवढी तांत्रिक माहिती तर माझ्याकडं असायलाच हवी!