नव्या लाइनचं उद्घाटन

बायकोच्या ऑपरेशनसाठी रक्त आणायला पनवेलच्या रक्तपेढीत गेलो, तर तिथला संगणक पुण्याच्या सर्व्हरशी जोडलाच जाईना. नोंद दिसल्याशिवाय पिशवी मिळेना. दुरुस्तीला आलेल्या बाईंनी ओढणी कमरेला खोचून विचारलं, "कालपासून काय बदललंय?"

"काहीच नाही, मॅडम," व्यवस्थापक म्हणाले. "फक्त नव्या इंटरनेट लाइनचं उद्घाटन झालं. नारळ फोडून, साहेबांच्या हस्ते."

"आणि सर्व्हरला कोणी कळवलं?"

सर्व्हर अजून जुन्या लाइनवरून येणाऱ्यालाच आत घेत होता. बाईंनी पुण्याला फोन करून नव्या लाइनचा पत्ता नोंदवला आणि नोंदी दिसू लागल्या. मी आभाराचं भाषण सुरू केलं.

"काका, ते नंतर. आधी रक्त पोचवा."

मी धावलो. बायको बरी होऊन घरी आली. भाषण मात्र राहूनच गेलं.