सरांचं चौथं प्रकरण

वहिनींना सगळे वहिनीच म्हणत. कॉलेजात, छापखान्यात, औषधांच्या दुकानातसुद्धा. त्यांचा नवरा निवृत्त प्राध्यापक, म्हणून तो सगळ्या गावाचा सर. सरांचं पुस्तक आधुनिक अमेरिकन कादंबऱ्यांतल्या स्त्रीच्या स्थानावर होतं, आणि सरांची नजर तर पार अधू झालेली. मग कादंबऱ्या वहिनी वाचायच्या आणि रोज दुपारी सरांना सांगायच्या. सर आरामखुर्चीत डोळे मिटून मजकूर सांगायचे, वहिनी तो टाइप करायच्या. तीन प्रकरणं अशी झाली. चौथ्याला सर घोरायला लागले.

हाका मारून वहिनी थकल्या आणि शेवटी स्वतःच लिहीत बसल्या. त्या कादंबरीतली बायको पानापानावर इतरांना वाढते, पण तिला जेवताना लेखकाने एकदाही दाखवलेलं नाही, हे त्यांनी पेन्सिलने खुणा करकरून शोधलं होतं. एकवीस पानं झाली. वाचून दाखवली, तर सर खूश. "छान जमलंय की मला!"

घ्या! वहिनींना हसू आवरेना. मग धीर करून म्हणाल्या, "अहो, हे माझं आहे."

"असं होय? मग नाव घालू की तुझं. त्यात काय एवढं?"

पुस्तक छापून आलं. वहिनींनी आधी चौथं प्रकरण उघडलं, मग पुढचीमागची सगळी पानं धुंडाळली. शेवटी सरांनी परस्पर छापखान्यात सांगितलेल्या ऋणनिर्देशात एक ओळ सापडली: 'पत्नीने वेळच्या वेळी चहा दिला.' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच; पण नागोबाला निदान बीळ दुसऱ्याचं आहे एवढं ठाऊक असतं. सर खरोखरच विसरले होते. आता भांडायचं तरी कुणाशी?

प्रकाशनाच्या दिवशी मात्र वहिनींनी मनाशी ठरवलं, कुणी चौथ्या प्रकरणाचं विचारलं की उठून सांगायचं, 'ते मी लिहिलंय.' तीनच शब्द. कपड्यांना इस्त्री करताना त्यांनी ते दहा वेळा म्हणून पाहिले.

आणि खरंच विचारलं. एक विद्यार्थिनी उठली. "सर, ती बाई कधी जेवतच नाही, हे तुमच्या लक्षात कसं आलं?"

सरांनी माईक चाचपला. मग पहिल्या रांगेकडे मान वळवून अगदी निरागसपणे म्हणाले, "अगं, सांग ना, मी काय लिहिलंय तिथे?"

सभागृह हसलं. वहिनी उभ्या राहिल्या. सरांचा चेहरा त्यांच्याकडे लागलेला, पायरी उतरताना हात पुढे करतात तेव्हा असतो तसा. तीन शब्द ओठांपर्यंत आले.

"सरांचं म्हणणं असं आहे," त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचं सगळं नीट सांगितलं, पान क्रमांकांसकट. टाळ्या सरांना पडल्या.

नंतर ती मुलगी गर्दीतून वाट काढत वहिनींकडे आली. तिचे डोळे भरून आले होते. "वहिनी, पुरुष असून बाईचं मन इतकं कळतं सरांना! किती नशीबवान तुम्ही!"

"हो ना," वहिनी म्हणाल्या, आणि सरांची काठी शोधायला मंचाकडे गेल्या.