त्याचं नाव कुणी दिलं

साबण कुठला वापरता, चहा कुठला आवडतो, मोबाइलला रेंज नीट मिळते का, असले प्रश्न विचारून मी मस्कतमध्ये पोट भरत होते. गाला भागात गॅरेजांच्या आणि टायरवाल्यांच्या गर्दीत एका सर्व्हे कंपनीचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं, तिथे मी नोकरीला. दारोदार फिरून माझं अरबी चांगलं तयार झालं होतं. पुस्तकातलं नव्हे, स्वयंपाकघरातलं. चिपळूणच्या बाईला इतकं अरबी कसं येतं म्हणून लोकांना नवल वाटायचं. त्यात कसलं नवल? वर्षानुवर्षं परक्या बायकांच्या ओट्यापाशी उभं राहून डोकेफोड केली की दगडही बोलायला लागेल.

त्या वर्षी एक परदेशी प्रोफेसरबाई आल्या. कागदावर विषय होता 'तरुण आणि रोजगार'. आमच्या अर्बाबने, म्हणजे ओमानी मालकाने, तेवढंच वाचलं आणि सही ठोकली. खरा विषय बाईंनी मला सांगितला तो आतल्या भागातल्या इब्री गावाच्या रस्त्याला लागल्यावर. थोड्या वर्षांपूर्वी देशात ठिकठिकाणी तरुण पोरं चौकात येऊन बसली होती. नोकऱ्या द्या, खाबूगिरी करणाऱ्यांना काढा, आम्हाला बोलू द्या, एवढंच मागणं. मग त्यांची धरपकड झाली. काही सुटली, काही आतच राहिली. त्या पोरांना आता काय वाटतं, हे बाईंना मोजायचं होतं. हो, मोजायचं! एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पुरेपूर. साबणाला वापरायचो तेच कार्ड.

"मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू आली नसतीस," बाई शांतपणे म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. या बाई आज आहेत, उद्या विमानात बसतील. आमचं काय? नवऱ्याची नोकरी, मुलीची शाळा, भाड्याचं घर, सगळं व्हिसाच्या एका शिक्क्यावर टांगलेलं. कुणी एक फोन केला की खलास. पण गाडी बाईंची, चालवत होत्या बाई, आणि दोन्ही बाजूंना नुसते बोडके डोंगर. उतरून कुठे जाणार होते मी? त्यातून तो हरतालिकेचा दिवस. रजा मिळाली नव्हती. निर्जळी उपास, बाहेर भट्टी पेटलेली, आणि शेजारी ही बया बाटलीतलं पाणी घटाघटा पितेय.

इब्रीच्या बाहेर खजुराच्या बागांना लागून ते घर होतं. घरात एक म्हातारे वडील आणि त्यांचा मुलगा. मुलगा चौकात बसलेल्यांपैकी. त्याला उचललं होतं, आणि पुन्हा असलं काही करणार नाही, कुणाशी बोलणार नाही, असं लिहून घेऊन सोडलं होतं. बाईंना त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, कहवा प्यायला या, घर तुमचंच आहे, पण मी बोलणार नाही. दारी येणाऱ्याला नको म्हणायची त्या लोकांत रीत नाही. बाईंनी त्याचाच फायदा घेतला. म्हणाल्या, एकदा आत गेलं की बघू.

वडिलांना सगळे वालिद, म्हणजे बाबाच, म्हणायचे, म्हणून मीही वालिद म्हटलं. पाठीत थोडे वाकलेले, पण डोक्याचा मुसर, म्हणजे तो नक्षीचा फेटा, अगदी झोकात बांधलेला. त्यांनी आम्हाला बैठकीत गालिच्यावर बसवलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, काय खबर? मी रीतीप्रमाणे म्हटलं, खबर काही नाही, सगळं खुशाल. तिकडे असंच असतं. घरात मयत झालेली असली तरी आधी सगळं खुशालच म्हणायचं, मग हळूहळू खरं काय ते बाहेर येतं.

मुलगा आला. तिशीच्या आतला, दाढी वाढलेली, नजर गालिच्यावर. त्याने खजुराचं ताट ठेवलं आणि कहव्याच्या, म्हणजे बिनदुधाच्या अरबी कॉफीच्या, छोट्या बिनकानाच्या वाट्या आमच्या हातात दिल्या. वेलचीचा वास थेट नाकात शिरला. आता पंचाईत. भरलेली वाटी नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर नाही म्हणणं. उपास आहे म्हणावं तर रमजान नाही, कसला उपास, कोणता देव, सगळी कथा सांगत बसायला हवी. म्हटलं, कशाला चर्चा? मी वाटी घेतली, मान लववली आणि हळूच समोर ठेवून दिली. मस्कतच्या फ्लॅटांमध्ये असं मी शंभरदा केलं होतं. कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

इथे वालिद बघत होते. बोलता बोलता थांबले. मुलगाही थांबला, हातातली किटली तशीच धरून. मला कळेना, झालं काय?

"पी, बेटी," वालिद म्हणाले. "जे मागायला आलीस ते तुला दिलं."

आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. कधीतरी ऐकलं होतं मी. या आतल्या भागातल्या जुन्या घरांत पाहुण्याने कहवा न पिता समोर ठेवला, तर त्याला काही मागायचं असतं. यजमान 'दिलं' म्हणेपर्यंत तो घोटही घेत नाही. खून झालेल्या घरात माफी मागायला, पोरीला मागणी घालायला लोक असे येतात. आणि मी चिपळूणची शहाणी, हरतालिकेच्या उपासापायी त्या म्हाताऱ्याला शब्दात अडकवून बसले होते!

"वालिद, नाही हो, तसं नाही," मी घाईघाईने म्हटलं. "माझा उपास आहे. आमच्या धर्मातला. पाणीसुद्धा चालत नाही. मी काही मागितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. "उपास असेल तर कहवा राहू दे," ते म्हणाले. "तू मागितलं नसशील, पण मी दिलं. शब्द गेला. आणि खरं सांगू? मलाही ऐकायचंय. सुटून आल्यापासून हा घरात नुसता बसून असतो. चार शब्द बोलत नाही. मी याचा बाप आहे, मला काही सांगत नाही. निदान तुमच्याशी तरी बोलू दे."

मग त्यांनी शेजारच्या घराकडे हात केला. "त्या घरचा मुलगा आणि हा, दोघं एकत्र वाढले. एकत्रच चौकात गेले. याला आधी उचललं, त्याला नंतर. हा सुटला, तो अजून आत आहे. त्याचं नाव कुणी दिलं ते कुणालाच माहीत नाही. त्याची आई विचारून विचारून थकली."

मुलाने किटली खाली ठेवली. थोडा कहवा गालिच्यावर सांडला. मला वाटलं, पोलिसांची भीती. बिचाऱ्याने लिहून दिलंय, आता बापाच्या शब्दासाठी पुन्हा आत जाईल. मी बाईंना इंग्रजीत म्हटलं, आपण उठूया. बाईंनी कार्ड काढलंसुद्धा होतं.

"दीदी," मुलगा एकदम हिंदीत म्हणाला, "आप इंडिया से हो न? मैं हिंदी में बोलूँगा. मैं गाला में गैरेज में था, सब इंडियन लोगों के साथ." आणि हळू आवाजात, "अब्बा को हिंदी नहीं आती."

बाईंनाही हिंदी येत नव्हती. म्हणजे त्या खोलीत ती भाषा फक्त आम्हा दोघांची होती.

बाईंचे प्रश्न मी विचारत गेले, तो उत्तरं देत गेला. चौकात गेलात त्याचा पश्चात्ताप होतो का? एक. पुन्हा वेळ आली तर जाल का? दोन. वालिद भिंतीला टेकून ऐकत होते. शब्द कळत नव्हता, पण चेहरा उजळत चालला होता. सुटून आल्यापासून पहिल्यांदाच मुलाचा आवाज एवढा वेळ घरात ऐकू येत होता ना! मध्येच मला म्हणाले, "बघ, बोलतोय की नाही?"

मग प्रश्न आला, सोबतच्या लोकांवर तुमचा किती विश्वास होता?

"पाँच."

आणि त्यांचा तुमच्यावर?

"वो भी पाँच," तो म्हणाला. मग कार्डाकडे बघतच बोलला. "यही तो मुश्किल है, दीदी. अंदर सोने नहीं देते थे. दिन क्या, रात क्या, कुछ पता नहीं. बोलते थे, एक नाम दे दो, घर जाओ. मैंने दे दिया. किसका दिया, आप समझ गए न? वो अभी भी अंदर है. उसकी माँ रोज़ मेरे लिए रोटी भेजती है. मैं खाता हूँ."

हे सगळं तो अगदी सपाट आवाजात बोलला, टायरचा भाव सांगावा तसा. रडला असता तर बरं झालं असतं. मला त्याचा राग आला का? आला. आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, मला कुणी झोपू दिलं नसतं, तर मी कुणाकुणाची नावं घेतली असती? सख्ख्या भावाचंही घेतलं असतं. ज्यांनी त्याला जागं ठेवलं ते कुठेतरी एसीत गाढ झोपले असतील, त्यांना कोण विचारणार एक ते पाच?

"काय म्हणाला?" वालिदांनी विचारलं. पुढे सरकून, लहान मुलासारखं. "एवढं काय बोलला तो?"

मुलाने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

म्हाताऱ्याने मला दिलेला शब्द पाळला होता, आणि आता त्याला काही द्यायची पाळी माझी होती. मी म्हटलं, "वालिद, तो म्हणतो, सोबतच्यांचा माझ्यावर पुरेपूर विश्वास होता."

"होताच!" वालिदांनी मांडीवर थाप मारली. डोळे भरून आले त्यांचे. "होताच मुळी! मला माहीत होतं."

बाईंना मी पाच आणि पाच एवढंच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. बाकीचं त्यांना मी कधीच सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. त्यांच्या आकड्यांत तेवढी भेग राहिली तर राहू दे, त्याने काही जग बुडत नाही.

मला वाटलं, सुटलो. पण वालिद खुशीत आले होते. म्हणाले, "आता शेजारी पण जा. त्या आईलाही विचारा. तिला कुणी विचारतच नाही." मुलगा चटकन म्हणाला, नको, तिला कशाला त्रास. वालिद म्हणाले, त्रास कसला, तिला बरं वाटेल. आणि बाईंना हे कळताच त्या उठल्याच. आत असलेल्याच्या आईशी बोलायला मिळणार, म्हणजे त्यांना लॉटरीच. यल्ला, यल्ला करत पुढे. मी मागून.

शेजारच्या घरात बायकांच्या खोलीत ती आई बसली होती. माझ्याच वयाची निघाली. मी म्हातारीची कल्पना केली होती. मांडीवर कुम्मा होता, ती पुरुषांची भरतकामाची टोपी, आणि बारीक सुईने ती नक्षीच्या एकेका भोकाभोवती टाके घालत होती. मुलगा येईल त्या दिवशी घालायला, म्हणाली. तिच्याजवळ बसल्यावर मला घरची आठवण येऊन भडभडून आलं.

तिने सरळ सरळ उत्तरं दिली. सरकारवर विश्वास किती? एक. न्याय मिळेल का? एक. मग तोच प्रश्न आला. मला तो गाळायचा होता, पण बाई कार्डावर बोट ठेवून बसल्या होत्या. मी विचारला. मुलासोबत जे होते, त्यांच्यावर तुमचा किती विश्वास?

"बाकीच्यांचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण हा शेजारचा, याच्यावर पाच. याला किती त्रास दिला असेल, पण याने तोंड उघडलं नाही. बघा ना, कसा वाळलाय. मी रोज ताजी रोटी पाठवते. माझ्या मुलाच्या वाटची तो खातो, तेवढंच समाधान."

मी भाषांतर केलं. माझाच आवाज मला परका वाटत होता.

मग तिने सुई बाजूला ठेवली आणि माझा हात धरला. "तू एवढ्या घरांत जातेस, एवढ्या लोकांना विचारतेस. कुणी सांगितलं का, माझ्या मुलाचं नाव कुणी दिलं?"

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. जणू तिला हेच उत्तर माहीत होतं. मग दोन्ही तळवे वर केले. "तू लांबून आली आहेस. मुसाफिराची दुवा अल्ला परत पाठवत नाही. मी बोलते, तू फक्त आमीन म्हण." आणि डोळे मिटून बोलली, "ज्याने माझ्या मुलाचं नाव दिलं, त्याच्या बापावर त्याला स्वतःच्या हाताने मातीत ठेवायची वेळ येवो."

भिंतीपलीकडून वालिदांचा आवाज येत होता. पाहुण्यांसाठी चांगले निवडून खजूर बांध, असं ते मुलाला सांगत होते. ती डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तळवे तसेच वर होते.

"आमीन," मी म्हणाले. आणि मनात म्हटलं, देवा, हे एवढं ऐकू नकोस.