उलटं पेडल

मी सायकल शिकले ती वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हार्लेममध्ये. खेमेन्टेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, बाहेरून आलेल्या बायकांसाठी वर्ग काढला होता. एका शाळेच्या मागच्या फरसबंद अंगणात आम्ही सात-आठ जणी गोल गोल फिरायचो. त्या सायकलींना हाताचा ब्रेक नव्हता. थांबायचं असेल तर पेडल उलटं दाबायचं, की मागचं चाक जागच्या जागी धरतं. इथल्या कितीतरी सायकली अशाच असतात आणि माझी रोजची सायकल आजही तशीच आहे. त्यामुळे माझ्या पायांना एकच धडा मिळाला: घाबरलात की उलटं दाबा.

डोंगरावरच्या सायकलीला ब्रेक हातात असतो. तिचं पेडल उलटं फिरवलं तर काहीही होत नाही, ते नुसतं फिरत राहतं. माझी ती सवय मोडायला नवऱ्याला दोन उन्हाळे लागले. घराजवळच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये तो मला घेऊन जायचा आणि मागून ओरडायचा, "हात! अगं, हात! पाय नाही!" कुत्री फिरवायला आलेल्या डच आज्या थांबून बघायच्या. शेवटी एका दसऱ्याला सायकलींची पूजा करताना मीच माझ्या ब्रेकच्या दांड्यांना नाडाछडी बांधली. लाल दोरा दिसला की हात आठवतील, एवढाच हिशेब. देवाला त्यात मी फारसं ओढलं नव्हतं.

नवरा पुण्याचा. कॉलेजात असताना एक रविवार डोंगर सोडून घरी बसला नसेल. नोकरीसाठी अॅमस्टरडॅमला आला, स्वस्तात पडेल म्हणून आम्ही हार्लेमला राहिलो, आणि मग त्याच्या लक्षात आलं की या देशात डोंगर नाही. जणू कुणी त्याला फसवून आणलं होतं. दोन वर्षं कुरकुर केल्यावर त्याला शोध लागला की घरापासून वीस मिनिटांवर बंदर आहे, तिथून संध्याकाळी गाडी आणि सायकली बोटीवर चढवता येतात आणि सकाळी इंग्लंडच्या उत्तरेला उतरता येतं. तेव्हापासून आमच्या वर्षाचे दोन भाग झाले, मे आणि सप्टेंबर. मधले महिने तो जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसतो आणि मी ताटं मांडीवर घेऊन जेवते.

त्याला ब्रिटनमधल्या मोठ्या डोंगरांवरचे चांगले उतार शोधायचे असतात. टेकड्या चालत नाहीत. डोंगर मोठा हवा, वाट माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग हवी, आणि इंग्लंडात असेल तर ती घोड्यांसाठी राखलेली वाट हवी, कारण सायकलला परवानगी तिथेच असते. नकाशावर उंचीच्या तपकिरी रेषा अगदी चिकटलेल्या असतील तर सायकल खांद्यावर घेऊन उतरावं लागतं. फार लांब लांब असतील तर दलदल. या दोन्हींच्या मधलं काहीतरी तो भिंग लावून शोधतो. मग आम्ही तिथे जातो, तीन तास सायकली ढकलत वर चढतो आणि पाऊण तासात खाली येतो. एकदाही पाय न टेकता खाली आलो, तरच तो उतार 'सापडला'. तसं तो एका वहीत डोंगराच्या नावासमोर लिहितो. चौदा वर्षांत त्या वहीत अकरा वेळा 'सापडला' आहे.

या वर्षीच्या मेमध्ये मी हे सगळं बंद करायला सांगणार होते.

कारण साधं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात तो एकटा गेला होता आणि वेल्समधल्या एका डोंगरावर पडला. गळपट्टीचं हाड आणि डावं मनगट मोडलं. फोनला रेंज नव्हती. चार तास तो ओल्या गवतात पडून होता, तेव्हा कुठे दोन चालणारे लोक आले. मला फोन आला तेव्हा मी दुकानात दुधाच्या कप्प्यासमोर उभी होते, आणि तेव्हापासून मी दूध दुसऱ्या दुकानातून आणते. तो बरा झाल्यावर आमचा करार झाला: एकट्याने जायचं नाही. म्हणजे मी बरोबर जायचं. त्याच्या मनगटावर जोर येऊ नये म्हणून रोज स्टेशनला जायला त्याने पायाच्या ब्रेकची एक जुनी सायकल घेतली. डोंगरावरची मात्र सोडली नाही.

मी दमले होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझे गुडघे चढताना दुखतात आणि उतरताना त्याहून दुखतात. खांद्यावर सायकलचा वळ उठतो. पण खरा थकवा गुडघ्यांचा नव्हता. चौदा वर्षं मी दुसऱ्याच्या हौशीमागून चालत होते, आणि गेली दोन वर्षं प्रत्येक वळणावर, आता हा पुढे दिसेल की दरीत, असं बघत होते. मुलगी उत्रेख्तला शिकते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, जस्ट टेल हिम. क्लार." क्लार म्हणजे झालं, संपलं. डच लोक पानातली शेवटची भाजी संपवल्यावरही हाच शब्द वापरतात. मला तो फार आवडला. बोटीवर मी वाक्य पाठ केलं: पुढच्या वर्षी मी येणार नाही, आणि करार आहे म्हणून तूही जाणार नाहीस. माथ्यावर दशम्या खाताना सांगायचं ठरवलं.

डोंगर इंग्लंडच्या वायव्येला, तळ्यांच्या भागातला. सहा महिने त्याने त्याच्या नकाशावर काढले होते. गावातून निघालो तेव्हा ऊन होतं आणि मेंढ्यांच्या कुंपणापाशी पोचेपर्यंत धुकं आलं. पहिला तास गवत, दुसरा तास सुटे दगड, तिसरा तास नुसतंच वर. दर शंभर पावलांनी मी हँडलवर डोकं टेकवायचे. एरवी तो पुढे जाऊन वरून हाका मारतो. त्या दिवशी तो माझ्याबरोबरच चालत होता. मला वाटलं, यालाही वय झालं.

माथ्यावर दगडांचा एक ढीग होता. त्याच्या आडोशाला बसलो. मी डबा उघडला, दशमीवर चटणी घातली, त्याला दिली. त्याने दोन घास खाल्ले आणि बाकीची परत डब्यात ठेवली.

"का रे?"

"भूक नाही."

दशमी परत ठेवणारा माणूस मी या घरात पाहिलेला नाही. त्याच्या तोंडाकडे बघून मी डबा बंद केला आणि पाठ केलेलं वाक्यही राहू दिलं. खाली गेल्यावर सांगू, म्हटलं.

हेल्मेट घालताना तो म्हणाला, "तू पुढे हो."

चौदा वर्षांत तो नेहमी पुढे. वळणावर वेग कमी करून मागे बघतो, मी दिसले की परत पुढे. मी म्हटलं, "आज काय विशेष?"

"हो ना पुढे. वाट सरळ आहे."

मी निघाले. उतार खरंच चांगला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. वाट रुंद, दगड घट्ट, वळणं आधीपासून दिसणारी. ढुंगण मागे, गुडघे वाकलेले, दोन बोटं लाल दोऱ्यावर. धुक्यातून खाली आले तसं तळं दिसलं. मग एक खडी उतरण लागली, ओल्या सपाट दगडांची, त्यावर शेवाळ. पाय उलटे फिरायला बघत होते, मी त्यांना फिरू दिलं नाही. खालच्या वळणावर मी पाय टेकला आणि त्याला बघायला मागे वळले.

तो त्या उतरणीवर आला होता. आणि त्याचे पाय उलटे फिरत होते. एकदा, दोनदा, परत. दांड्यांवर हात होते, पण बोटं उघडी होती. सायकल वेग घेत होती आणि तो पेडल उलटं मारत होता, मी त्या शाळेच्या अंगणात मारायचे तसं. मी ओरडले, "हात! अरे, हात!" त्याने सायकल डावीकडे गवतात घातली आणि आडवा झाला.

मी माझी सायकल टाकून वर पळाले. गुडघे त्या वेळी दुखले असतील तर मला कळलं नाही. तो उठून बसला होता. दोन्ही मुठींत गवत धरलेलं होतं.

"लागलं?"

"नाही."

"बघू मनगट."

"काही नाही झालं गं." मग म्हणाला, "तू बघितलंस का?"

"बघितलं."

त्याने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते. "मागच्या मेपासून होतंय. उतार आला की हात चालतच नाहीत. पायच फिरतात. म्हणून तुला पुढे पाठवलं. तू थांबून मागे बघशील असं वाटलं नव्हतं."

मला मागच्या दोन्ही खेपा आठवल्या. एकदा त्याचं पोट बिघडलं आणि आम्ही अर्ध्यातून परत आलो. एकदा चाकातली हवा गेली आणि त्याच्या पिशवीत ट्यूब नव्हती. ज्याच्या पिशवीत सुईदोरासुद्धा असतो, त्याच्या पिशवीत ट्यूब नव्हती, आणि मला काही वाटलं नव्हतं.

"मग आपण कशाला आलो?" मी म्हटलं. "वर्षभर मला कशाला ओढतोयस? माझे गुडघे काय वाटेवर पडलेत?"

तो गवताकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, तू म्हणशील. बंद कर म्हणून. मी वाट बघत होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तू म्हणाली असतीस तर सोडलं असतं. तुझ्यासाठी सोडलं, असं झालं असतं."

मला इतका राग आला की मी उभी राहिले. दोन दिवस मी ते वाक्य घेऊन फिरत होते. बोटीवर, गाडीत, तीन तास चढावर. आणि याला ते हवंच होतं. मी बोलले की झालं: बायकोने डोंगर सोडायला लावले. पुढची वीस वर्षं पाहुण्यांसमोर, हसत हसत. माझ्या तोंडाशी आलेलं होतं ते सगळं, आणि मी गिळून टाकलं.

"मी नाही म्हणणार," मी म्हटलं. "तुझं तू म्हण."

दोन मेंढ्या वाटेवर आल्या, आमच्याकडे बघितलं आणि गेल्या. त्याने हातातलं गवत सोडलं.

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "मला नाही जमत आता."

मी परत खाली बसले. त्याच्या हाताला हात लावला तर तो गार होता. त्याच्यासाठी मला रडू आलं, आणि थोडं माझ्यासाठीही. थर्मासमधला उरलेला चहा आम्ही एकाच झाकणातून प्यायलो.

मग तो म्हणाला, "मी चालत येतो. तू जा सायकलवरून. सहा महिने काढले त्याच्यावर. कुणीतरी तो उतरायला हवा."

मला तेव्हाही राग होताच. त्या रागातच मी सायकलवर बसले. उरलेला उतार लांब होता, बराचसा सोपा, एका ओढ्यातून जाणारा. मी ओढ्यातूनही गेले. बूट भरले. हातांनीच ब्रेक लावले. खाली लाकडी फाटक होतं, तिथे मी सायकल टेकवली आणि वर बघत उभी राहिले. चौदा वर्षं तो असाच उभा राहायचा आणि मला वाटायचं, मजा करतोय. पाऊण तास मी त्या डोंगरावर एक पिवळं जाकीट शोधत होते. दिसलं, की बघत होते ते हलतंय ना.

तो आला तेव्हा त्याने आधी विचारलं, "पाय?"

"हातांनीच," मी म्हटलं.

परतीच्या बोटीवर त्याने वही काढली. डोंगराचं नाव आधीच लिहिलेलं होतं. पेन उघडून तो म्हणाला, "तुझ्या नावावर सापडला लिहू का?"

"नको. मी वळणावर पाय टेकला होता."

त्याने मान हलवली. नियम त्याचाच होता. त्याने पेन बंद केलं आणि ओळ तशीच मोकळी ठेवून वही पिशवीत टाकली. नंतर आम्ही दोघंही कपड्यांसकट झोपलो.

सोमवारी सकाळी तो स्टेशनला निघाला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेऊन उभी होते. आमच्या कोपऱ्यावर सिग्नल आहे. तो लाल झाला. नवऱ्याने त्या जुन्या सायकलचं पेडल उलटं दाबलं, आणि सायकल थांबली.