टेपची दुसरी बाजू

पोरीचा निकाल हातात आला की तुम्ही आधी काय करता, वाचता की ओरडता? खरं सांगा.

आमची टेलरमावशी ओरडली. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान. एक मशीन, एक स्टूल, गळ्यात टेप; झोपतानाही काढत नसावी. लेक सातवीत, पळण्यात शाळेत पहिली. सगळ्या शाळांची मिळून जी एक परीक्षा असते, तिच्यात गेल्या वर्षी अठ्ठ्याहत्तर. यंदा नव्याच धाटणीचा कागद आला. मधोमध गोल, गोलात चौसष्ट.

"चौदा गेले! शनिवारची शाळाशाळांची शर्यत बंद. बूट आण इकडे."

"आई, पेपर सोपा होता गं."

"सोपा होता तरी चौदा घेऊन गेला!"

बूट कपाटात, कपाटाला कुलूप. मी शिवायला टाकलेला कुडता न्यायला आले होते. माझं डोकं म्हणजे काडीपेटी. शाळेने पोरीचे गुण खाल्ले? तिथल्याच पुठ्ठ्यावर मी खडूने लिहिलं, 'आमचे गुण परत द्या', आणि दोघी तरातरा शाळेत.

कारकून म्हणाला, "ताई, हे गुण नाहीतच. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतली चौसष्ट मुलं तुमच्या पोरीच्या मागे आहेत. यंदापासून पुढच्या पानावर हेच छापतात. गुण मागच्या पानावर."

मी भांडायला तोंड उघडलं, तोच मावशीने गळ्यातली टेप काढली, उलटी केली आणि खो खो हसत सुटली.

"अगं बाई! गेल्या वर्षी सेंटिमीटर, यंदा इंच. आणि मी पोरगीच आटली म्हणून बोंबलतेय!"

मागच्या पानावर ऐंशी होते. दोन वाढलेले!

फाटकाशी बऱ्याच आया असंच तोंड पाडून उभ्या होत्या. मावशीने दहाजणींना उंचीने रांगेत लावलं आणि एकीकडे बोट दाखवलं. "हिच्यापेक्षा बुटक्या किती? सहा. म्हणजे दहात सहा, शंभरात साठ. हिची उंची घटली का गं?" शिपाईदादाही हौसेने रांगेत घुसले, सगळ्यांत बुटके ठरले आणि टाळ्या घेऊन गेले.

माझ्या पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर मावशीने लिहायला लावलं, 'मागचं पान वाचा'. माफी मात्र मी मागितली नाही. गुण मागच्या पानावर आहेत, एवढी मोठी गोष्ट मुंगीच्या अक्षरात छापायची? ते भांडण मी उभ्याउभ्या उरकलं. पुढच्या वर्षी गुण पुढच्याच पानावर, ठळक, असं मुख्याध्यापकांना परीक्षा घेणाऱ्यांकडे लिहायला लावलं.

शनिवारी लेक तिसरी आली. मावशी मैदानभर ओरडली, "पळाल्या किती?"

"चाळीस!" आम्ही सगळ्या ओरडलो.

"मग सदतीस मागे!"

तुमच्या घरी तो कागद आला असेल तर एवढं करा. आधी तो उलटून वाचा, मग पोरीला हाक मारा. आणि बूट लपवले असतील, तर आत्ताच्या आत्ता काढून द्या.